रेणुकाची दिवसाची झोप

रेणुका माझी चुलत बहीण, तातेरावकाका आणि मालनकाकूंची थोरली. तिचा एक स्वभाव आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत होता. तिचं काही कुणी घेतलं तर ती भांडायची नाही, नुसती बघत राहायची. मी एकदा तापातून उठले होते म्हणून काकांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून चौकापर्यंत फिरवून आणलं. रेणुका फाटकाशी उभी होती. मला काहीएक बोलली नाही, पण पुढे कितीतरी दिवस माझ्या शेजारी जेवायला बसली नाही. काका तिला म्हणाले, अगं, गीता आजारी होती. ती म्हणाली, मला काय त्याचं.

काका मूळचे देगलूरकडचे. सरकारी छापखान्यात लागले आणि दिलसुखनगरला घर करून राहिले. आम्ही सगळी भावंडं इथेच वाढलो. घरात मराठी, गल्लीत दक्खिनी, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. रेणुका अभ्यासात बरी होती, लॅब टेक्निशियनचा कोर्स करून तारनाक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागली. नवरा धम्मानंद, त्याची नोकरीही तारनाक्यालाच, रेल्वेच्या एका कचेरीत स्टोअर सांभाळतो. अंबरपेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक मुलगी, चारुलता.

चारूची वेणी, चारूचा डबा, चारूचं पोटदुखीचं औषध, सगळं रेणुकाच्या हातचं. धम्मानंदनं हात पुढे केला की म्हणायची, "राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं." आणि मग माझ्याजवळ तक्रार करायची की हा माणूस घरात काडी हलवत नाही. धम्मानंद स्वभावानं गरीब. तो बाजूला होऊन बसायचा.

चारू दुसरीत गेली त्या वर्षी हॉस्पिटलात रात्रपाळीचा एक माणूस सोडून गेला. लॅबच्या इन्चार्ज बाईंनी रेणुकाला विचारलं, वर्षभर कायमची रात्रपाळी घेशील का, मग पुढे कायमची दिवसपाळी देते. रेणुकानं विचार केला. दिवसपाळीत ती घरी यायची तोवर दिवे लागलेले असायचे. रात्रपाळीत दुपारी घरी राहता येईल, पोरगी शाळेतून येईल तेव्हा दारात आई असेल. तिनं हो म्हटलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे घरातली माणसं म्हणत राहिली की तिच्यावर लादलं. कुणी लादलं नव्हतं. तिनं ते पोरीसाठीच घेतलं होतं.

रात्रभर जागणं तिला फार जड गेलं नाही. जड गेलं ते दिवसा झोपणं. अंबरपेठेच्या त्या गल्लीत सकाळी आठपासून जी सुरुवात होते ती थांबत नाही. कांदेबटाट्याची गाडी भोंगा लावून जाते, पाण्याचा टँकर येतो, खालच्या सुगुणाअक्का मिक्सरवर चटणी वाटतात. रेणुकानं खिडकीला काळं कापड ठोकलं, कानात कापूस घातला, ओला टॉवेल डोळ्यांवर घेतला. डोळा लागला की तासाभरात उघडायचा आणि मग छातीत धडधड. नाश्ता करायचा की रात्रीचं जेवण तेच कळेना. अन्न उतरेना. पहाटेचा चहा सोडला, तेव्हा कुठे झोप थोडी लांबली. दुपारी चारू शाळेतून यायची तेव्हा ही एक तर झोपेच्या तळाशी, नाही तर डोकं धरून बसलेली. दारात उभी राहणारी आई काही झाली नाही.

घर धम्मानंदकडे गेलं. पहिले काही आठवडे तो लॅबमध्ये फोन करायचा. जिऱ्याचा डबा कुठला, चारूचे मोजे कुठे, उपम्याला पाणी किती. रेणुका हातातलं काम सोडून सांगायची, वैतागायचीही. मग फोन कमी झाले. एक दिवस तिच्या लक्षात आलं की आता येतच नाहीत. तिनंच फोन लावला.

"चारूच्या कंपासपेटीतली पट्टी मोडलीय, नवीन घ्यायला लागेल," ती म्हणाली.

"घेतली," धम्मानंद म्हणाला. "परवाच."

मला हे सांगताना ती म्हणाली, त्या क्षणी मला इतका राग आला, जणू त्यानं माझ्या नावावरचं घर परस्पर विकलं होतं.

त्यानं आणखीही बरंच केलं. मोबाइलवर बघून चार पेडांची वेणी शिकला. वर्गातल्या पोरींनी चारूला विचारलं, कुणी घातली? ती ऐटीत म्हणाली, मेरे पप्पा ने. कचेरीतून येताना तो तिला मिरचीभजी आणायचा आणि दोघं गच्चीत बसून खायची. त्यानं डब्यात टोमॅटोचा भात द्यायला सुरुवात केली. रेणुकानं दिलेली भाजीपोळी अर्धी परत यायची, टोमॅटोभाताचा डबा मात्र पुसून घेतल्यासारखा रिकामा यायचा.

आणि त्यांनी हातांची भाषा केली.

मम्मी झोपली आहे, आवाज नको, हे घरात दिवसभर चाललेलं. कुजबुज केली तरी रेणुका जागी व्हायची, म्हणून बापलेकीनं खुणा ठरवल्या. कान ओढला की चहा. तळहातावर दोन बोटं चालवली की खाली जाऊन येतो. नाकाला बोट लावलं की भूक. अशा वीस-पंचवीस तरी असतील. एका शनिवारी दुपारी रेणुकाला जाग आली, दार थोडं उघडं होतं. बाहेर दोघं जमिनीवर बसून मटार सोलत होती आणि हातानं काहीतरी बोलत होती. चारू काहीतरी सांगत होती, लांबलचक, मध्येच मान वाकडी करून कुणाची तरी नक्कल करत होती. बहुतेक शाळेतल्या बाईंची. धम्मानंदचे खांदे हसून हलत होते. आवाज कसलाच नाही. मग चारूनं दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटले आणि खोलीकडे बोट केलं.

ती रेणुकाची खूण होती. पोरीच्या हातात आईचं नाव म्हणजे झोपलेलं माणूस.

रेणुका बाहेर आली तसे दोघांचे हात थांबले. तिनं विचारलं, काय चाललं होतं? चारू म्हणाली, "कुछ नहीं, मम्मी. मटार."

त्या दिवसापासून ती दुष्टासारखी वागली, हा तिचाच शब्द. संध्याकाळी डोकं ठणकत असताना चारूला समोर बसवायची आणि नवऱ्यानं घातलेली वेणी सोडून पुन्हा स्वतः घालायची, ओढून, घट्ट. पोरगी हूं की चूं करायची नाही, यानं तिला आणखी राग यायचा. वरणात मीठ जास्त, गणवेशाची इस्त्री चुकली, गृहपाठावर सही भलत्याच ठिकाणी केली, रोज काही ना काही. धम्मानंद ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचा. चूक दुरुस्त झाली की तिला नवी शोधावी लागायची.

एका पौर्णिमेला आम्ही सगळे विहारात जमलो. रेणुका ड्यूटीवरून थेट आली होती, पांढरी साडी हॉस्पिटलातच नेसून. डोळे तांबारलेले. तिथल्या बायकांनी धम्मानंदला घेरलं. कुणी म्हणे असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, कुणी म्हणे रेणुका, नशीब काढलंस. चारूच्या वेणीवरून सगळ्यांचे हात फिरले. रात्रभर उभी राहून आलेल्या बाईला कुणी विचारलं नाही की तू काही खाल्लंस का. मीही विचारलं नाही. मी तिच्या शेजारी बसले होते आणि मलाही धम्मानंदचं कौतुकच वाटत होतं. शाळेच्या गॅदरिंगचा विषय निघाला. चारूचा नाच होता, दुपारचा कार्यक्रम. रेणुका म्हणाली, मी येणार आहे, त्या दिवशी नाही झोपणार.

चारू सहज म्हणाली, "पप्पा येतायत ना. तू झोप."

तिला आईची काळजी होती, हे मला तेव्हाही कळलं. रेणुकाला कळलं नाही. तिनं खिरीची वाटी खाली ठेवली ती परत उचलली नाही.

गॅदरिंगला ती गेली नाही. त्याच आठवड्यात तिनं धम्मानंदला सांगितलं की मला अजिबात झोप मिळत नाही, लॅबमध्ये कामात चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून चारू शाळेतून परस्पर दिलसुखनगरला माझ्या आईकडे जाईल. शाळेच्या व्हॅनवाल्याशीही तिनं आधीच बोलून ठेवलं होतं. कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण दुसरं होतं आणि ते तिला स्वतःला माहीत होतं. त्या दोघांच्या संध्याकाळी, शनिवारचे मटार, गच्चीतली भजी, सगळं तिला बंद करायचं होतं. आपल्याला मिळत नाही ना, मग त्यालाही नको. धम्मानंदनं चारूचा डबा धुऊन पालथा ठेवला. मग म्हणाला, तुझी तब्येत महत्त्वाची.

झालं असं की धम्मानंद सहा वाजता कचेरीतून सुटला की घरी न येता स्कूटरनं थेट दिलसुखनगर गाठायचा, पोरीसोबत तिथेच जेवायचा आणि आठ वाजून गेल्यावर तिला घेऊन घरी यायचा. तोवर रेणुका बसनं ड्यूटीवर निघून गेलेली असायची. आधी तिला चारू दुपारनंतरचे काही तास तरी दिसायची. आता ती फक्त सुटीच्या वारी दिसायला लागली. आणि घर तर असं शांत झालं की विहिरीत बसल्यासारखं वाटावं. तिला हवी होती तशी शांतता. त्या शांततेत ती छताच्या पंख्याकडे बघत पडून राहायची. आता ते दोघं तिथे काय करत असतील, याचं चित्र डोळ्यांसमोर आणत बसायची. आईच्या घरी फोन करून आडून आडून विचारायची, ते किती वाजता आले, काय आणलं, चारू काय म्हणाली.

मालनकाकू फार बोलणारी बाई नाही. जन्मभर तिनं काकांच्या पाळ्यांप्रमाणे चूल पेटवली, तिला पाळी म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नव्हती. तिनं महिनाभर पाहिलं. एक दिवस व्हॅनवाल्याला सांगून चारूला शाळेतून लवकर आणवलं, खाऊपिऊ घालून निजवलं आणि स्वतः रिक्षा करून भर उन्हात अंबरपेठेला आली. रेणुका जागीच होती. काकूनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुझी पोरगी माझ्या घरात कुजबुजते," काकू म्हणाली. "माझ्याकडं कुणी झोपलेलं नसतं. तुझा बाप टीव्ही मोठ्यानं लावून बसतो. तरी ती पाणी मागते ते कानाशी येऊन."

रेणुका म्हणाली, तिला सवय लागली असेल.

"रेणू, मला एक सांग. तुला पोरगी जवळ पाहिजे, का नवऱ्यापासून तोडायची आहे?"

रेणुका रडली नाही. उठून आईसाठी चहा टाकायला गेली आणि गॅस पेटवायचं विसरून ओट्यापाशी उभी राहिली. काकूनं मागून येऊन गॅस पेटवला. त्यापुढे त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला कुणीच सांगितलं नाही. काकू तासाभरानं परत निघाली, एवढंच माहीत आहे.

पुढच्या सुटीच्या दिवशी धम्मानंदही घरी होता. दोघं गच्चीत वाळलेले कपडे काढत होते. रेणुकानं त्याला सांगून टाकलं. तिनं मला म्हटलं की मी पाठ करून ठेवलं होतं, तरी अर्धंच आलं. झोपेचं निमित्त होतं. मला तुमचं दोघांचं बघवत नव्हतं. तिला वाटलं, हा नेहमीसारखा ऐकून घेईल, फार तर म्हणेल जाऊ दे. धम्मानंदनं हातातली चादर पुन्हा दोरीवर टाकली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी काही बोललो नाही, पण एक ऐकून ठेव. वर्ष संपल्यावर तू म्हणशील, आता द्या माझं मला परत. मी नाही देणार. मला हे आवडतं. तिची वेणी घालायला मला आवडतं."

रेणुकानं दोरीवरचे चिमटे एकेक करून काढले.

"सात वर्षं ती तुझीच होती. मी जवळ आलो की तू म्हणायचीस, तुम्हाला नाही जमायचं. तेव्हा मलाही बघवत नव्हतं. मी कुणाकडे जाऊन बोलणार होतो?"

लग्नाला दहा वर्षं झाली, पण त्याला असं चिडलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, मला तेव्हा त्याचाही राग आला. वाटलं, माझं दुःख मी सांगायला आले तर यानं तेही घेतलं. खाली येऊन तिनं सगळ्या कपड्यांच्या घड्या एकटीनं घातल्या. पण त्या रात्री ती अंथरुणावर पडली ती सकाळ होईपर्यंत उठली नाही. रात्रपाळी लागल्यापासून रात्री झोपायची सवयच मोडली होती, सुटीच्या रात्रीसुद्धा ती भुतासारखी घरात फिरायची. त्या रात्री फिरली नाही.

दोन दिवसांनी ती न झोपता, ड्यूटीचेच कपडे अंगावर, दुपारी शाळेच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. चारूनं तिला पाहिलं आणि आधी घाबरली, कुणाला काही झालं की काय. मग म्हणाली, "तुझी झोप?"

"नंतर," रेणुका म्हणाली. "चल, घरी जाऊ."

दिलसुखनगरची व्हॅन बंद झाली. सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. घरातल्या खुणा चालूच राहिल्या, कारण झोप तर तिला हवीच होती. वेणी धम्मानंदच घालत राहिला. एकदोनदा रेणुकाचा हात पुन्हा त्या वेणीकडे गेला आणि तिनं तो मागे घेतला. एकदा नाही घेतला, सोडलीच. चारूनं त्या वेळी मात्र डोकं हिसडून सांगितलं, नक्को मम्मी, दुखतंय. पोरगी मोठ्यानं बोलली, त्याचंच रेणुकाला बरं वाटलं.

मग त्यांनी रविवारची एक गोष्ट सुरू केली, कुणाच्या डोक्यातून आली ते दोघंही एकमेकांवर ढकलतात. शनिवारची रात्रपाळी सुटायच्या वेळी धम्मानंद चारूला स्कूटरवरून हॉस्पिटलच्या फाटकाशी आणून सोडायचा आणि थांबायचा नाही, लगेच वळून जायचा. मायलेकी तारनाक्याच्या एका बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, उभ्याउभ्या इडली खायच्या. रेणुकाचा दिवस संपत आलेला, चारूचा सुरू होत असलेला. तिथून विद्यापीठाच्या आवारात झाडांखालून चालत जायच्या, दमल्या की कुठेतरी कट्ट्यावर बसायच्या. रेणुकाला झोपेची गुंगी असायची, म्हणून बोलायची चारूच. कोण कुणाशी बोलत नाही, कोणत्या बाईंचं लग्न ठरलं, कुणी कुणाचा खोडरबर चोरला. मराठीत सुरू करायची, मध्येच तेलुगूत जायची. रेणुका हूं हूं करत ऐकायची. एकदा बसल्या जागी तिचा डोळा लागला. जागी झाली तर पोरगी शेजारी बसून झाडावरच्या खारीला शुक् शुक् करत होती, आईच्या मांडीवरची पिशवी धरून. मला त्या सकाळी कुणाचा हेवा वाटला नाही, असं रेणुका म्हणाली. मग म्हणाली, संध्याकाळी वाटला.

वर्ष संपलं तसा इन्चार्ज बाईंनी शब्द पाळला आणि तिला दिवसपाळी मिळाली. त्या जागी ज्योती नावाची नवी मुलगी आली. शरीराला वळण लागायला पुन्हा महिना गेला. भर दुपारी लॅबमध्ये तिचे डोळे मिटायचे आणि रात्री घड्याळाची टिकटिक ऐकत पडायची. काळं कापड मात्र तिनं पहिल्याच दिवशी काढून टाकलं. धम्मानंदनं त्याच्या शब्दाप्रमाणे काही परत दिलं नाही. सकाळी ओट्यापाशी आता दोघं उभी असतात आणि एकमेकांना कोपर लागतं. टोमॅटोभात तोच करतो. भाजीपोळी द्यायच्या दिवशी डबा अर्धा परत येतो आणि रेणुका तो उभ्यानं खाऊन टाकते.

मी तिला विचारलं होतं, गेलं का गं ते सगळं? ती म्हणाली, जात नाही. पण आता मला ते येताना दिसतं.

या उन्हाळ्यात प्रज्ञेशचं, रेणुकाच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. अंबरपेठेतल्याच हॉलमध्ये. पंगत बसली होती, रेणुका बुंदी वाढत होती. चारू आता चांगली उंच झाली आहे. नवा घागरा सावरत ती जिन्यावरून धावत आली आणि शेवटच्या पायरीवर घसरली. रेणुका तिच्यापासून दोन हातांवर होती. पोरीनं कळवळून हाक मारली ती "पप्पा" अशी.

धम्मानंद हॉलच्या पलीकडच्या टोकाकडून खुर्च्या ढकलत आला. रेणुकानं त्याला वाट दिली. बुंदीचं पातेलं माझ्या हातात दिलं, चेहरा उतरलेलाच होता, आणि आचाऱ्याकडे जाऊन फडक्यात बर्फ घेऊन आली. धम्मानंद पोरीचा घोटा मांडीवर घेऊन बसला होता.

"सरका," ती त्याला म्हणाली, "बर्फ मी लावते."

तो थोडा सरकला. उठला मात्र नाही. ती अर्ध्या जागेत बसली.